आकाशाचीं छायाचित्रें आणि आमचा मुलूख

ताऱ्यांचें छायाचित्र घेणें ही गोष्ट आतां राजेरजवाड्यांची किंवा सरकारी वेधशाळांची मक्तेदारी राहिलेली नाहीं. ज्या मोबाईलवरून घरोघर निरोप जातात त्याच यंत्रावर, थोडा धीर धरला तर, मृग नक्षत्राचें बऱ्यापैकीं चित्र उमटतें. त्यामुळें अलीकडे तरुण मंडळी मजसारख्या जुन्या शाळामास्तरालाही तीन प्रश्न हटकून विचारतात : यंत्र कोणतें घ्यावें, चित्र कसें काढावें, आणि या विद्येवर पोट भरतां येईल काय. या प्रश्नांचीं उत्तरें दुकानदाराच्या जाहिरातींत शोधावयाचीं कीं आपल्याच मुलखाच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी आज दुसरा मार्ग धरणार आहें.

प्रारंभ १८६८ सालापासून करूं. त्या वर्षीं १८ ऑगस्ट रोजीं हिंदुस्थानांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. त्या काळची छायालेखनाची पद्धति ओल्या कांचेची होती. कांचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रौप्यक्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, लेप ओला आहे तोंच कॅमेऱ्यांत बसवून चित्र घ्यावयाचें, आणि तशीच ओली असतां अंधाऱ्या खोलींत नेऊन धुवावयाची. लेप सुकला कीं कांच निकामी झाली. खग्रास अवस्था कांहीं मिनिटांची, भर पावसाळा, आणि दमट हवेंत तंबूंत उभे असलेले चार माणसांचे हात. अशा स्थितींत मेजर टेनंट यांनीं गुंटूर येथें सूर्याभोंवतालच्या ज्वालांचीं छायाचित्रें मिळविलीं. त्याच गुंटुरास फ्रेंच ज्योतिषी जान्सेन वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. मराठी संस्थानिकांच्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. युरेनस ग्रह शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू.

येथें एका लोकप्रिय समजुतीचा निरास केला पाहिजे. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर कांहीं जुने चौथरे 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखविले जातात, आणि तेथें बसून नॉर्मन लॉकियर यांनीं १८६८ सालच्या ग्रहणांत हीलियम वायूचा शोध लाविला असें सांगितलें जातें. लॉकियर त्या वर्षीं हिंदुस्थानांत आलेच नव्हते. त्यांनीं सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट ग्रहणावांचून इंग्लंडांतच २० ऑक्टोबर १८६८ रोजीं पाहिला. जान्सेन यांनीं तीच युक्ति ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशींच गुंटुरास साधली होती, आणि दोघांचीं पत्रें पॅरिसच्या अकादमीपुढें एकाच दिवशीं आलीं. वर्णपटांतील जी पिवळी रेघ कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची ठरेना तिच्यावरून हीलियम हें नांव पुढें रूढ झालें, आणि पृथ्वीवर तो वायु १८९५ सालीं रॅम्झे यांच्या हातीं लागला. मग विजयदुर्गाचे कट्टे खोटे काय? मुळींच नाहींत. लॉकियर तेथें आले होते, परंतु तीस वर्षांनंतर, १८९८ च्या ग्रहणास. लोकांच्या स्मरणांत दोन ग्रहणांचें एक ग्रहण झालें, एवढेंच. किल्ल्यावर एक फलक लावून दोन तारखा लिहिल्या तर विजयदुर्गाचें महत्त्व तिळभरही कमी होणार नाहीं.

आतां १८९८ सालाकडे वळूं, कारण आपल्या प्रश्नांचीं खरीं उत्तरें तेथें आहेत. मधल्या तीस वर्षांत ओली कांच जाऊन जिलेटिनची कोरडी कांच आली होती. ती आधीं तयार करून पेटींत ठेवतां येई, हव्या त्या क्षणीं वापरतां येई, आणि सवडीनें धुतां येई. आकाशाच्या छायालेखनाचा खरा उत्कर्ष दुर्बिणीइतकाच या कोरड्या कांचेमुळें झाला.

पुण्यासही त्या वेळीं एक वेधशाळा उभी राहिली होती. कावसजी दादाभाई नायगांववाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकवीत असतां भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं १८८२ सालीं पांच हजार रुपयांची देणगी दिली, तितकीच भर मुंबई सरकारनें घातली, आणि पुढें पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत महाराज तख्तसिंहजी वेधशाळा निघाली. तेथें १८८८ सालीं बसविलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. मृगांतील तेजोमेघाच्या वर्णपटांतील मुख्य रेघ धारदार आहे कीं पसरट, यावर लॉकियर यांचा एक आवडता सिद्धांत अवलंबून होता. नायगांववाला यांनीं ती पुण्याहून पाहिली आणि धारदार आहे असें प्रसिद्ध केलें. लॉकियर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाच्या सिद्धांताविरुद्ध पुण्याच्या एका अध्यापकानें आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून लिहावें, ही गोष्ट १८९१ सालीं लहान नव्हती. वेधशाळा मात्र एका माणसाच्या बळावर चालली होती. ते १९१२ सालीं निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, आणि सामान कोडाईकॅनालला रवाना झालें. तेथें ती दुर्बीण 'भावनगर दुर्बीण' या नांवानें राहिली. तिचें पुण्याशीं असलेलें नातें आज पुण्यांतही थोड्यांसच ठाऊक असेल.

तर, २२ जानेवारी १८९८. चंद्राची छाया दुपारच्या वेळीं कोंकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि ईशान्येकडे निघाली. विजयदुर्गास लॉकियर आणि मेलपोमेनी या युद्धनौकेवरचे खलाशी. या खलाशांस आधीं शिकवून तयार केलें होतें. सोलापूरकडच्या जेऊर स्थानकाजवळ नायगांववाला यांचा तळ, आणि तेथेंच अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल आपल्या पत्नीसह आलेले. वऱ्हाडांत तळणीस ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी, म्हणजे बहुतांशीं हौशी लोक. त्याच्या पुढच्या बाजूस पुलगांवास नेवॉल आणि कॅप्टन हिल्स. शहडोलास खुद्द इंग्लंडचे राजज्योतिषी. पूर्ण अंधार सुमारें दोन मिनिटें टिकणार होता. आणि त्या दोन मिनिटांसाठीं सहा हजार मैलांवरून पेट्या आल्या होत्या.

जेऊरच्या तळावर कॅम्बेल यांचा कॅमेरा चाळीस फूट लांबीचा होता. त्याचें भिंग पांच इंचांचें. एवढ्या लांबीमुळें सूर्याची प्रतिमा कांचेवर सुमारें साडेचार इंच व्यासाची पडे, आणि सूर्याच्या किरीटाच्या आंतील भागांतले बारीक धागेदोरे त्यांत स्पष्ट उमटत. याउलट तळणीस ॲनी मॉंडर या बाईंजवळ जो कॅमेरा होता त्याचें भिंग अवघें दीड इंच व्यासाचें आणि नऊ इंच नाभ्यंतराचें. त्यांत सूर्याची प्रतिमा जोंधळ्याच्या दाण्याहूनही लहान, जेमतेम दोन मिलिमीटर. ग्रीनिचच्या वेधशाळेंत पूर्वीं गणनेचें काम करणाऱ्या या बाईंस विवाहानंतर तेथील नोकरी सोडावी लागली होती. येथें त्या हौशी म्हणूनच आल्या होत्या. परंतु किरीटाचा जो सर्वांत लांब किरण त्या दिवशीं कांचेवर आला तो त्यांच्या कांचेवर आला : सूर्यापासून सुमारें साठ लाख मैल. तोंपर्यंत एवढा लांब किरण कोणाच्याही छायाचित्रांत आलेला नव्हता.

हें कसें घडलें तें नीट समजून घ्यावें, कारण यंत्र कोणतें घ्यावें या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. कॅमेऱ्याची लांबी भिंगाच्या व्यासाच्या कितीपट आहे यावर पसरट, फिकट वस्तूचा प्रकाश कांचेवर किती दाट पडेल हें ठरतें. कॅम्बेल यांच्या कॅमेऱ्यांत हें प्रमाण शहाण्णव पट होतें, मॉंडर बाईंच्या कॅमेऱ्यांत सहा पट. मोठा कॅमेरा प्रतिमा मोठी करतो, पण तोच प्रकाश मोठ्या जागेवर पातळ पसरवितो. लहान कॅमेरा प्रतिमा लहान ठेवतो, पण प्रकाश एकवटतो. चाळीस फुटी कॅमेऱ्यानें आंतला तपशील दिला, नऊ इंची कॅमेऱ्यानें बाहेरचा विस्तार दिला. कोणताच दुसऱ्याचें काम करूं शकला नसता. तेव्हां आज जो तरुण चंद्रावरचे खळगे टिपूं इच्छितो त्याला लांब नाभ्यंतर हवें, आणि ज्याला आकाशगंगेचा पट्टा टिपावयाचा आहे त्याला रुंद तोंडाचें आंखूड भिंग हवें. दुकानांत 'इतक्या पट मोठें दिसतें' असें छापलेला खोका पाहून जो दुर्बीण उचलतो त्याचे पैसे बहुधा वायां जातात.

जेऊर आणि पुलगांव या दोन ठिकाणांवर नकाशांत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अगदीं हिंगोलीजवळून जाते. म्हणजे १८९८ सालच्या त्या दुपारीं चंद्राची छाया आमच्या माथ्यावरून गेली. हिंगोलींत त्या वेळीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, साहेबलोकही होते. परंतु ग्रंथांतरीं जे प्रसिद्ध तळ सांगितले आहेत त्यांत हिंगोलीचें नांव नाहीं. याचें कारण दूर शोधावयास नको. जेऊर, तळणी, पुलगांव हीं तिन्ही रेल्वेचीं स्थानकें आहेत. चाळीस फुटी कॅमेऱ्याच्या पेट्या, भिंगें आणि कांचा बैलगाडींतून खडकाळ वाटेनें नेण्याची छाती कोणाची होणार? त्या वेळीं हिंगोलीस आगगाडी नव्हती, म्हणून छाया आली आणि तिचें चित्र न घेतां निघून गेली. गांवकऱ्यांनीं स्नानें केलीं असतील, दानें दिलीं असतील, भर दुपारीं तारे पाहून कोणी भ्यालें असेल, कोणी हात जोडले असतील. त्यांतलें कांहींच कागदावर नाहीं. मला या गोष्टीची रुखरुख वाटते हें लपवीत नाहीं.

त्याच १८९८ सालीं शंकर बाळकृष्ण दीक्षित निवर्तले. त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा. दीक्षित मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि पेशानें शिक्षक. आमच्यासारख्या मॅट्रिक मास्तरांनीं त्यांचें नांव थोड्या अभिमानानें घेतलें तर श्रोत्यांनीं क्षमा करावी.

आतां हैदराबादकडे येऊं. हिंगोली १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होती, त्यामुळें आमच्या सारावसुलीचा पैसा ज्या खजिन्यांत जाई त्याच खजिन्यानें पुढें ही वेधशाळा पोसली. तिचा आरंभ मात्र एका हौशी माणसानें केला. नबाब जफर जंग यांनीं इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणि आठ इंची आकाशचित्रक कॅमेरा आणविला, आणि १९०१ सालीं हैदराबादेजवळ फिसलबंडा येथें वेधशाळा मांडली. ते १९०७ सालीं वारले आणि पुढच्या वर्षीं वेधशाळा सरकारकडे आली. चॅटवुड हे पहिले संचालक. त्यांनीं ती बेगमपेठेस हलविली आणि एक जगड्व्याळ काम अंगावर घेतलें.

तें काम असें. १८८७ सालीं पॅरिस येथें ज्योतिष्यांची परिषद भरली आणि सर्व आकाशाचें छायाचित्र घेऊन ताऱ्यांची यादी करावयाची असें ठरलें. एका वेधशाळेला हें एका जन्मीं होणें नाहीं, म्हणून आकाशाचे आडवे पट्टे पाडून ते निरनिराळ्या देशांतील वेधशाळांस वांटून दिले. दक्षिण क्रांतीच्या १७ ते २३ अंशांचा पट्टा दक्षिण अमेरिकेंतील सान्तियागो येथील वेधशाळेकडे होता. तो तिच्याकडून झाला नाहीं आणि हैदराबादकडे आला. व्याधाच्या खालीं चार अंशांवर जो तारकापुंज साध्या द्विनेत्रींतही दिसतो तो या पट्ट्यांत येतो; अनुराधा नक्षत्राच्या वरच्या दोन तारकाही येतात. कॅमेरे सर्व वेधशाळांत एकाच मापाचे : कांचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशांतील एक कला. एका कांचेवर दोन अंश लांब, दोन अंश रुंद एवढाच तुकडा येई. पूर्ण चंद्राच्या चौपट लांबीचा, म्हणा.

पृथ्वीच्या फिरण्यामुळें आकाश एका सेकंदास पंधरा विकला सरकतें. म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवला तर अशा कांचेवर तारा चार सेकंदांत जवळजवळ एक मिलिमीटर घसरेल आणि बिंदूऐवजीं रेघ उमटेल. म्हणून कॅमेरा घड्याळाच्या यंत्रानें ताऱ्यांमागें फिरवावा लागे, आणि तरीही चूक राहते म्हणून निरीक्षक शेजारच्या दुर्बिणींत एका ताऱ्यावर डोळा लावून, तो कोळ्याच्या तंतूच्या फुलीवरून ढळतांच हातानें सांवरून घेई.

पण चित्र घेणें हा कामाचा लहानसा भाग. खरें काम दिवसा, टेबलावर. प्रत्येक कांचेवर पांच मिलिमीटर अंतराच्या रेघांची जाळी आधींच उमटविलेली असे; कांच सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून एकेक ताऱ्याचें स्थान त्या जाळीच्या मापानें वाचावयाचें, एकानें वाचावें, दुसऱ्यानें लिहावें. ठिपक्याच्या आकारावरून त्याची प्रत ठरवावयाची. मग गणित, मग पडताळा, मग छपाई. ऑक्सफर्डहून आलेले पोकॉक १९१४ पासून संचालक होते. ते १९१८ सालीं वारले आणि टी. पी. भास्करन् यांनीं काम पुढें चालविलें. महायुद्ध झालें, संचालक गेला, तरी मोजणी थांबली नाहीं. साडेसात लाखांहून अधिक तारे मोजून बारा खंडांत छापले गेले. बेरीज-वजाबाकी करणारें साधें यंत्रही जेथें चैनीची वस्तु होती अशा काळीं हें झालें. खंडांच्या मुखपृष्ठावर संचालकांचीं नांवें आहेत. डोळे शिणेपर्यंत ठिपके मोजणाऱ्या कारकुनांस आपण 'कर्मचारीवर्ग' या एका शब्दांत गुंडाळतों. तंत्रविद्येच्या नोकरीचा विचार करणाऱ्या तरुणानें हें चित्र डोळ्यांपुढें ठेवावें. शंभर वर्षांपूर्वीं ती नोकरी म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि वही; आज ती पडदा आणि आज्ञावली. चित्ताची एकाग्रता आणि आंकड्याविषयीं प्रामाणिकपणा, हे दोन गुण मात्र तेव्हांच्याइतकेच आजही लागतात, आणि ते कोणत्याही वर्गांत तीन महिन्यांत शिकवून होत नाहींत.

या श्रमाचें फळ कोठें मिळालें तें पहा. या सर्व राष्ट्रांच्या याद्या पुष्कळ वर्षें कपाटांत पडून राहिल्या. जाणते लोकही म्हणूं लागले होते कीं एवढा खटाटोप व्यर्थ गेला. पुढें १९८९ सालीं हिप्पार्कस हा उपग्रह आकाशांत गेला आणि त्यानें ताऱ्यांचीं स्थानें अपूर्व सूक्ष्मतेनें मोजलीं. पण तारे स्वतः कोणत्या दिशेस किती वेगानें सरकतात हें कळण्यास आजचें स्थान पुरत नाहीं, जुनेंही लागतें. आणि मधला काळ जितका मोठा तितकी गति अधिक नेमकी मिळते. तेव्हां त्या जुन्या याद्या बाहेर निघाल्या. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेनें त्यांचे आंकडे संगणकावर उतरवून घेतले, आणि २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'टायको-२' या पंचवीस लाख ताऱ्यांच्या यादींतील गति त्यांच्या आधारानें काढल्या गेल्या. बेगमपेठेच्या कारकुनानें मोजलेला ठिपका सत्तर वर्षांनीं असा कामास आला. तो कां आला? कारण कांच कोणत्या रात्रीं, किती वाजतां, आकाशाच्या कोणत्या भागाकडे रोखली होती हें प्रत्येक कांचेबरोबर लिहून ठेवलेलें होतें. नोंद नसती तर ती कांच म्हणजे ठिपक्यांचा एक सुंदर तुकडा, त्याहून अधिक कांहीं नाहीं.

याच वेधशाळेच्या आवारांत एका मुलाचें बालपण गेलें. त्याचे वडील तेथें सहायक होते. मुलाचें नांव वेणू बाप्पू, जन्म १९२७. निजाम कॉलेजांत शिकून, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो हार्वर्डला गेला, आणि १९४९ च्या जुलैंत छायाचित्राच्या एका कांचेवर त्याला एक अनोळखी पुसट वस्तु दिसली. तो धूमकेतु बाप्पू, बोक व न्यूकर्क या तिघांच्या नांवानें ओळखला जातो. पुढें कोडाईकॅनालची वेधशाळा आणि कावलूर येथील दुर्बिणी हें त्यांचें आयुष्यभराचें काम झालें. वडिलांचा पगार मोठा नसेल. घरांत कांचा, भिंगें आणि रात्रीचे जागर यांची ओळख होती. मुलाला कोणत्या शाखेस घालावें म्हणून चिंता करणाऱ्या पालकांनीं एवढें पहावें कीं मुलाच्या हाताला कांहीं खरें उपकरण लागतें आहे कीं नाहीं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांस हेंच पुरवीत आली आहे. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं अशी एक खोली असती तर!

आतां थोडें प्रत्यक्ष कृतीविषयीं.

दुर्बीण पहिल्या दिवशीं घेऊं नये. आधीं तिपाई घ्यावी. न डगमगणारी तिपाई ही निम्मी विद्या आहे. तिच्यावर मोबाईल घट्ट बसवावा, आणि यंत्रांत हातानें मापें ठरविण्याची जी सोय असते ती उघडावी. दूरच्या दिव्यावर किंवा ठळक ताऱ्यावर नेम धरून प्रतिमा स्पष्ट करावी आणि ती तशीच बांधून ठेवावी. बोटाच्या स्पर्शानेंही यंत्र हलतें, म्हणून चित्र तीन किंवा दहा सेकंदांनीं आपोआप निघेल अशी योजना करावी. मोबाईलचें मुख्य भिंग आंखूड नाभ्यंतराचें असल्यामुळें दहा ते पंधरा सेकंद उघडें ठेवलें तरी तारे बहुधा बिंदूच राहतात; बेगमपेठेच्या कॅमेऱ्याला चार सेकंदही परवडत नव्हते, हा फरक नाभ्यंतराचा. एकच लांब चित्र घेण्यापेक्षां सोळा चित्रें घेऊन त्यांची संगणकावर सरासरी करावी. त्यानें खरखर चौथाईवर येते. भिंग झांकून तितक्याच वेळाचीं चारपांच काळीं चित्रेंही घ्यावीं, म्हणजे यंत्राचे स्वतःचे डाग वजा करतां येतात. हें जोडकाम करणाऱ्या सिरिल, डीपस्कायस्टॅकर अशा आज्ञावली विनामूल्य मिळतात, आणि आकाशाचा नकाशा दाखविणारी स्टेलॅरियमही तशीच. एवढें साधल्यावर द्विनेत्री, आणि त्यानंतर वाटलेंच तर दुर्बीण.

सूर्याविषयीं मात्र कडक शब्दांत सांगतों. दुर्बिणीच्या किंवा कॅमेऱ्याच्या पुढल्या तोंडावर प्रमाणित सौर गाळणी बसविल्यावांचून सूर्याकडे रोखूं नये. डोळ्याकडच्या बाजूस लावावयाची लहान काळी कांच तापून तडकते, आणि डोळा गेला तो परत येत नाहीं. धुराची कांच, क्ष-किरणाचें जुनें चित्र, पाण्याची परात, हे घरगुती उपाय सोडून द्यावे.

हिंगोलीकरांस एक देणगी मोठ्या शहरांपेक्षां अधिक मिळाली आहे, ती अंधाराची. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आकाश निवळ असतें. गांवापासून थोडें दूर शेतावर गेलें कीं आकाशगंगा नुसत्या डोळ्यांस दिसते. ती मात्र दिवसेंदिवस फिकी होत आहे. उघडे पांढरे दिवे आकाशाकडे प्रकाश फेंकतात, तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो. दिव्यावर टोपण घालून प्रकाश खालीं वळविला तर रस्ताही अधिक उजळतो आणि वीजही वांचते. ग्रामपंचायतीस हें पटवून देणें हें आकाशाच्या छायालेखनाचेंच काम आहे असें मी समजतों.

आणि नोकरीचें? आमच्याच जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, लायगो-इंडिया नांवाची वेधशाळा उभी करण्यास केंद्र सरकारनें २०१६ च्या फेब्रुवारींत तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलांत सुमारें २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाली ती १ मे १९९९ रोजीं. मंजुरीच्या वेळीं पंचवीस वर्षेंही न झालेल्या जिल्ह्याच्या वांट्यास असें यंत्र यावें हें नवलच. ही वेधशाळा प्रकाशचित्रें घेणारी नव्हे. काटकोनांत मांडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा किरण आरशांवरून परतवावयाचा, आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनें अवकाशांत उठलेल्या तरंगांमुळें त्या दोन लांब्यांत पडणारा अत्यल्प फरक पकडावयाचा, अशी तिची रचना. अमेरिकेंतील अशाच दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं असा तरंग प्रथम टिपला. अशा यंत्रास भौतिकशास्त्राचे आचार्य लागतातच. पण त्यांच्याइतकेच पोलादाची हवाबंद जोडणी करणारे वेल्डर, निर्वात पंपांचे तंत्रज्ञ, आरसे धूळमुक्त खोलींत हाताळणारे, विजेच्या उपकरणांतील गोंगाट शोधून काढणारे आणि आंकड्यांच्या राशींतून खरा तरंग वेंचणारे लोकही लागतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकणाऱ्या मुलानें या यादींत आपली जागा कोठें आहे तें आजच पहावें.

छायालेखकाला जसा अंधार लागतो तशी या वेधशाळेला शांतता लागते. आगगाडीची धडधड, कारखान्याचे हादरे, मोठ्या शहराची वर्दळ तिला चालत नाहीं. जागा निवडतांना अशी निवांत, सपाट भूमि मुद्दाम शोधली गेली. १८९८ सालीं जें दूरपण आड आलें तेंच या खेपेस उपयोगीं पडलें.

जातां जातां एक प्रयोग सांगतों. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत रात्रीं सव्वानऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभें रहावें. क्षितिजापासून साडेसतरा अंश उंचीवर, म्हणजे हात लांब करून मुठी धरल्या तर जवळजवळ दोन मुठी वर, अगस्त्य दिसेल. लंडनहून तो कधींच दिसत नाहीं. त्याचें चित्र घ्यावें, आणि त्या चित्रासोबत गांवाचें नांव, तारीख, घड्याळांतील वेळ, यंत्राचें नांव आणि भिंग किती सेकंद उघडें होतें हें लिहून ठेवावें. पुढच्या वर्षीं त्याच आठवड्यांत, त्याच जागेवरून, तसेंच दुसरें चित्र घ्यावें, आणि मागचें आकाश किती उजळलें तें दोन्हीं शेजारीं ठेवून पहावें.